प्राध्यापकांनी शाळेची पायरी चढावी

२०१९ सालच्या आगमनकाळातील एका रविवारी, धर्मशिक्षणाचा वर्ग आटोपल्यावर, आम्ही मुलांकडून नाताळची गाणी म्हणवून घेत होतो. ‘गीत क्रमांक एकोणसाठ काढा,’ असे आम्ही सांगितले. दुसऱ्या इयत्तेतील एका मुलाने मोठ्या तत्परतेने गायनपुस्तिका उघडली, गाणे शोधले आणि त्यावर बोट ठेवून तो ऐटीत बसला. ते गीत एकसष्टावे होते. ‘अरे, तुझी गाडी दोन स्टेशने पुढे गेली की!’ असे आम्ही थट्टेने म्हणालो. मुले हसली. त्याने पुस्तिका मिटली ती पुन्हा उघडली नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान मुलांना शिकवणाऱ्या एक बाई मागे उभ्या होत्या. मुले पांगल्यावर त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘फादर, पोर चुकलं नाही. एकवीस म्हणजे वीस आणि एक, एकतीस म्हणजे तीस आणि एक, असं आम्हीच त्याला शिकवतो. मग एकोणसाठ म्हणजे साठ आणि एक, असं त्यानं धरलं तर त्याचं काय चुकलं?’

आम्हांला उत्तर सुचले नाही. ‘एकोन’ म्हणजे एकाने उणे, हा संस्कृत शब्दाचा उलगडा आम्हांला ठाऊक होता. परंतु सात वर्षांच्या मुलाला तो कोणी सांगितला होता? त्याने आपल्या बुद्धीने नियम शोधला, तो नेमाने लावला आणि बक्षीस म्हणून त्याला आमचे हसू मिळाले. या प्रसंगाची बोच अधिक लागण्याचे कारण असे की, त्याच वर्षीच्या जून महिन्यात अवघा महाराष्ट्र ज्या एका पाठ्यपुस्तकावर हसत होता, त्या हसण्यात आम्हीही सामील होतो. आज त्या पुस्तकाविषयी, आणि त्या निमित्ताने शालेय अभ्यासक्रमाच्या परीक्षणात महाविद्यालयीन अध्यापकांचे स्थान कोणते असावे याविषयी, लिहिण्याचे योजले आहे.

पाठ्यपुस्तक हेही एक पुस्तकच असते, हे आपण साहित्यप्रेमी मंडळी विसरून जातो. एखाद्या कादंबरीची हजारभर प्रतींची आवृत्ती निघाली तरी तिच्यावर परीक्षणे येतात, परिसंवाद होतात. ज्या पुस्तकावरून लाखो मुलांचे बोट फिरते, जे अनेक घरांतील एकमेव पुस्तक असते, त्याचे परीक्षण मात्र क्वचितच होते. झालीच तर त्याची चेष्टा होते. २०१९ मध्ये तेच झाले.

बालभारतीने त्या वर्षी इयत्ता दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक काढले. एकवीस ते नव्याण्णव या संख्यांच्या वाचनासाठी त्यात प्रचलित नावांच्या जोडीला एक दुसरी रीत दिली होती : एकवीसला ‘वीस एक’, पंचाहत्तरला ‘सत्तर पाच’. वर्तमानपत्रांत मथळे झळकले, विनोदांना ऊत आला, विधानसभेतही त्यावर हशा पिकला. मराठी भाषेचा गळा घोटला जात आहे, असा सूर उमटला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. मुंबई विद्यापीठाच्या सुवर्णपदकविजेत्या गणितज्ञ, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या आणि विद्यापीठांत अध्यापन केलेल्या या विदुषीने ‘गणितगप्पा’सारखी पुस्तके लिहून हा विषय मराठी मुलांच्या अंगणात आणला होता. जुनी नावे रद्द केलेली नाहीत, नवी रीत हा केवळ पर्याय आहे, मुलांची अडचण दूर करण्यासाठी तो दिला आहे, असे त्या शांतपणे सांगत राहिल्या. १७ जुलै २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

ही अडचण कोणती, ते पाहू. आपण ‘पंचाहत्तर’ म्हणतो तेव्हा कानाला आधी पाच ऐकू येतात आणि मग सत्तर. हाताला मात्र आधी सात लिहायचे असतात आणि मग पाच. कान एका दिशेने जातो, हात दुसऱ्या दिशेने. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण आपला हात या वळणाला सरावलेला आहे. ‘एकोणसाठ’मध्ये तर साठ उच्चारायचे आणि लिहायचे पाच. शिवाय मराठीतील प्रत्येक अंक दर दशकात नवा वेष धारण करतो. सहाचेच पाहा : सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. यांतील ‘सहा’ एका ठिकाणी ओळखावा तर दुसऱ्या ठिकाणी तो चेहरा बदलून उभा. कन्नड किंवा तेलुगू मुलाच्या वाट्याला हे कष्ट कमी येतात. त्या भाषांत विसाच्या पुढे आधी दशक आणि मग एकक उच्चारले जाते. संख्या जशी लिहावी तशीच बोलली जाते. इंग्रजीतही विसाच्या पुढे तोच क्रम आहे. मराठी मूल आकड्यांची नावे शंभरापर्यंत जवळजवळ सुटी सुटी पाठ करते आणि नंतर ती लेखनाशी जुळवून घेते. ते ही कसरत करते याचे आपल्याला कौतुक नाही. एखादे मूल अडखळले की ‘गणितात कच्चे’ हा शिक्का मात्र तयार असतो.

असे असता पुस्तकाने एक जास्तीचा आधार दिला, हा त्याचा गुण मानला पाहिजे. हा गुण मान्य करूनच आम्ही त्याचा दोषही सांगू इच्छितो. कारण दोष होता, पण हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या तो ध्यानात आला. बोलीभाषेत ‘वीस एक माणसे आली होती’ म्हणजे एकवीस माणसे आली होती असे नव्हे. ‘सुमारे वीस’ असा त्याचा अर्थ होतो. ‘वीसेक’, ‘पन्नासेक’ हे शब्द त्यातूनच घडले आहेत. आजी नातवाला ‘तीस एक रुपये घेऊन जा’ म्हणते, तेव्हा तिने एकतीस रुपये नेमके मोजलेले नसतात. म्हणजे पुस्तकाने सुचवलेली ‘वीस एक’, ‘तीस एक’ ही रूपे भाषेत आधीच एका वेगळ्या अर्थाने नांदत होती. ‘वीस आणि एक’ असे म्हटले असते, किंवा ‘दोन दशक एक’ असे म्हटले असते, तर हा घोटाळा टळला असता. भाषेच्या अध्यापकाला गणिताच्या बैठकीत बोलावले आणि गणिताच्या पुस्तकाचे पान स्वयंपाकघरात वाचून दाखवले, तर अशी गोष्ट पहिल्या तासाभरात लक्षात येते. खरी टीका ही होती. ती शिक्षकांकडून आणि मराठीच्या प्राध्यापकांकडून मोठ्या आवाजात यायला हवी होती. पण तोवर हशा इतका मोठा झाला होता की टीकेला जागाच उरली नाही.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. पहिली-दुसरीच्या पुस्तकासाठी महाविद्यालयाच्या, विद्यापीठाच्या माणसांची गरजच काय? लहान मुलांचे शिक्षकांना कळते. प्राध्यापकांनी आपले वर्ग सांभाळावेत, असे अनेकांना वाटते. याच्या उलट दुसरा पक्ष असा की, विषयाचे ज्ञान वरच्या पातळीवर असते, तेव्हा काय शिकवावे हे वरच्यांनी ठरवावे आणि कसे शिकवावे हे खालच्यांनी पाहावे. आमच्या मते हे दोन्ही पक्ष अर्धे खरे आणि म्हणूनच पुरे धोक्याचे आहेत.

दुसऱ्या पक्षाचा धोका ज्या दस्तऐवजाने स्पष्टपणे मांडला, त्याची ओळख येथे करून दिली पाहिजे. मुलांच्या दप्तराचे वजन हा विषय कादंबरीकार आर. के. नारायण यांनी राज्यसभेत कळकळीने मांडला होता. पुढे मार्च १९९२ मध्ये केंद्र सरकारने भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि जुलै १९९३ मध्ये तिने अहवाल दिला. ‘ओझ्याविना शिकणे’ असे त्याच्या नावाचे मराठीत भाषांतर करता येईल. सरकारी अहवाल म्हटला की डोळ्यांसमोर येणारा जाडजूड ग्रंथ तो नव्हे. एका संध्याकाळी वाचून व्हावा एवढाच त्याचा आवाका आहे, आणि आम्ही तो प्रत्येक पालकाला वाचायला देऊ. समितीने दप्तराचे वजन करून पाहिले असते तर ती अर्ध्यावरच थांबली असती. तिने सांगितले ते निराळेच : खरे ओझे न समजण्याचे आहे. शिकवले पुष्कळ जाते, समजते थोडे. आणि या ओझ्याच्या कारणांत तिने एक कारण असे नोंदवले की, अभ्यासक्रम एका केंद्रात बसून आखला जातो आणि पाठ्यपुस्तके अशा तज्ज्ञांकडून लिहिली जातात ज्यांचा वर्गातील वास्तवाशी संबंध उरलेला नाही.

हे वाक्य कोणी लिहिले याला महत्त्व आहे. समितीचे अध्यक्ष स्वतः प्राध्यापक होते आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद भूषवून आले होते. आपल्याच ज्ञातीच्या पदरात माप घालण्याचे हे धैर्य विरळा. पदवीला जे लागते ते बारावीत यावे, बारावीला लागते ते दहावीत यावे, दहावीचे आठवीत, असे वरून ढकलत ढकलत अखेर पहिलीच्या मुलाच्या पाटीवर सारा भार येऊन पडतो. प्रत्येक पायरीवरचा तज्ज्ञ आपापल्या जागी बरोबरच असतो. चुकते ते एवढेच की, शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलाला कोणीच विचारलेले नसते.

तरीही या अहवालाच्या निष्कर्षातून ‘प्राध्यापक नकोत’ असा अर्थ काढणे ही घाई ठरेल. अहवालाने शिक्षकांचा सहभाग वाढवावा, पुस्तकनिर्मितीचे विकेंद्रीकरण करावे, असे सुचवले. विद्वत्तेला शाळेच्या फाटकाबाहेर उभे करावे, असे सुचवलेले नाही. ते सुचवणे यशपालांना शक्यच नव्हते, कारण प्राध्यापक आणि खेड्यातला शिक्षक एकत्र बसले म्हणजे काय घडते, हे त्यांनी वीस वर्षांपूर्वीच जवळून पाहिले होते. ही हकिकत मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याची आहे. या जिल्ह्याचे नाव आता नर्मदापुरम आहे.

१९७२ साली तेथील सोळा सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. माध्यमिक म्हणजे तिकडच्या व्यवस्थेप्रमाणे सहावी ते आठवी. रसूलिया येथील क्वेकर पंथीयांनी स्थापलेले फ्रेंड्स रूरल सेंटर आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून खेड्यात गेलेल्या अनिल सद्गोपालांची किशोर भारती, या दोन संस्थांनी पुढाकार घेतला. राज्य सरकारने पुस्तक, अध्यापनपद्धती आणि परीक्षा या तिन्ही बाबतींत मोकळीक दिली. मुंबईतील टाटा संस्थेचे शास्त्रज्ञ शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेले. पुढे दिल्ली विद्यापीठातील विज्ञानाचे प्राध्यापक आले. त्यांना तेथे राहून काम करता यावे यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने साहाय्य केले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला आणि १९८२ मध्ये त्याची जबाबदारी घेण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली.

‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांचे वैशिष्ट्य असे की, त्यांत उत्तरे आयती नव्हती. मुलांनी टोळ्या करून प्रयोग करायचा, निरीक्षणे वहीत लिहायची, चर्चा करायची आणि निष्कर्षाला यायचे. परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवण्याची मुभा होती, प्रात्यक्षिकही होते. मुलांना पडणाऱ्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक पात्र कल्पिले होते. मुले त्याला पत्रे पाठवीत आणि उत्तरे मिळवीत. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट पडद्यामागे घडत होती. शिक्षक दर महिन्याला एकत्र जमत, वर्गात काय बिनसले ते सांगत, आणि प्राध्यापक ते ऐकून पुस्तकातले धडे पुन्हा लिहीत.

उदाहरण म्हणून एकच धडा घेऊ. वर्गातील मुलांना एकच टेबल मोजायला दिले तर सगळ्यांची उत्तरे सारखी येत नाहीत. कोणाचे सेंटिमीटरभर कमी, कोणाचे थोडे अधिक. आपल्याकडे अशा वेळी गुरुजी एक उत्तर बरोबर धरतात आणि बाकीच्यांना फुली मिळते. ‘बाल वैज्ञानिक’मध्ये या फरकावरच एक धडा आहे : ‘घट-बढ़ और सन्निकटन’. मोजमापात कमीजास्त होणारच. ते का होते, किती झाले तर चालते आणि त्यातून विश्वासार्ह आकड्याकडे कसे जावे, हे सहावी-सातवीच्या मुलाने स्वतःच्या हाताने शिकायचे. मापनातील अनिश्चितता हा प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाचा रोजचा अनुभव आहे. आणि मुलांची उत्तरे जुळत नाहीत हा शिक्षकाचा रोजचा अनुभव आहे. शास्त्रज्ञाला वर्ग माहीत नाही आणि शिक्षकाला प्रयोगशाळा माहीत नाही, अशी स्थिती असती तर हा धडा जन्मालाच आला नसता. दोघांच्या मध्ये मूल बसले होते, म्हणून तो लिहिला गेला.

अभ्यासक्रमाच्या परीक्षणात प्राध्यापकाने कोणते काम करावे, याचे उत्तर आम्हांला येथे सापडते. विषयाच्या मुळाशी काय आहे आणि फांद्या कोणत्या, हे त्याला अधिक स्पष्ट दिसते. काय गाळले तर बिघडणार नाही, हे निर्भयपणे सांगण्याचा अधिकारही त्यालाच अधिक असतो. शिक्षकाने पुस्तकातील एखादा भाग अनावश्यक आहे असे म्हटले तर त्याला आळशी ठरवतील. तेच प्राध्यापकाने म्हटले तर ऐकून घेतील. तेव्हा प्राध्यापकाचे खरे काम भर घालण्याचे नसून छाटणीचे आहे. बागाईतदाराला हे सांगायला नको : छाटणी न केलेला मोगरा पानांनी भरतो आणि फुलांना मुकतो.

असाच एक धडा मुंबईतही घालून दिला गेला आहे. टाटा संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तेथील मंडळी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात आणि मुंबई महापालिकेच्या मराठी शाळांत गेली. मुले विज्ञानात मागे का पडतात, याचा शोध घेताना त्यांना जाणवले की, विज्ञान कठीण असण्याआधी पुस्तकाची भाषाच कठीण होती. त्यांनी आशय कायम ठेवून भाषा सोपी केली, ती पुस्तके शाळांत वापरून पाहिली आणि मुलांचे आकलन सुधारलेले दिसले. आमच्या वसईतील मुलांच्या बाबतीत ही गोष्ट आम्ही नित्य अनुभवतो. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे मूल शाळेत ‘अभिक्रिया’, ‘उत्सर्जन’ असल्या शब्दांशी झुंजते आणि मनात ठरवून टाकते की विज्ञान आपल्यासाठी नाही. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी भाषेचा विचार करावा, हे कोणत्या नियमावलीत बसते? कोणत्याच नाही. ते वर्गात जाऊन बसले, म्हणून त्यांना ते दिसले.

येथवर आम्ही प्राध्यापकांच्या सहभागाची उजळ बाजू सांगितली. आता दुसरी बाजू. होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षे चालला, पंधरा जिल्ह्यांत पसरला आणि २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. राज्यभर अभ्यासक्रम एकच असावा, हे एक कारण पुढे करण्यात आले. तज्ज्ञांचा सल्ला सत्तेला सोयीचा असेतोवरच टिकतो, हा त्यातला कटू बोध.

पुढील दशकातील उदाहरण महाराष्ट्राच्या अधिक जवळचे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २००५ साली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार केला. त्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्षही यशपालच होते आणि त्यासाठी एकवीस अभ्यासगट नेमले गेले. त्यावर आधारलेल्या पुस्तकांसाठी देशभरातील विद्यापीठांतून माणसे आली. विज्ञान आणि गणिताच्या सल्लागार गटाचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर होते. राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार पुणे विद्यापीठाचे प्रा. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव होते. त्या पुस्तकांत व्यंगचित्रे होती, प्रश्न विचारणारी पात्रे होती. नागरिकशास्त्राचा कंटाळा घालवण्याचा तो प्रामाणिक यत्न होता. मे २०१२ मध्ये त्यांतील एका जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. दोघा सल्लागारांनी राजीनामे दिले. दुसऱ्याच दिवशी पुण्यात पळशीकरांच्या विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. त्या चित्राने दुखावलेल्यांची वेदना खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण पाठ्यपुस्तकावरील मतभेद खुर्च्या मोडून मिटत नसतात. नंतर त्या पुस्तकांत अनेक काटछाटी झाल्या, आणि जून २०२३ मध्ये या दोघांनी परिषदेला कळवले की, ही पुस्तके आता आमची राहिलेली नाहीत, त्यांवरून आमची नावे काढून टाका.

विचार करण्यासारखी गोष्ट आहे. एखाद्या प्राध्यापकाने आपले नाव पुस्तकावर यावे म्हणून धडपडावे, हे आपण जाणतो; येथे नाव काढा म्हणून विनंती करावी लागली. तज्ज्ञाचा सहभाग म्हणजे पहिल्या पानावरच्या नामावळीतील एक ओळ नव्हे. ज्याचे नाव छापले त्याला न विचारता मजकूर बदलणार असाल, तर ते नाव म्हणजे दुकानावरची पाटी ठरते. आत माल दुसऱ्याचा.

आपल्या राज्यातील अलीकडच्या घटना पाहता हा प्रश्न जुना झालेला नाही. मे २०२४ मध्ये शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवून हरकती मागवण्यात आल्या. चर्चा झाली ती बहुतांशी दोन-चार वादग्रस्त जागांची. गणिताचे काय, विज्ञानाचे काय, मराठीच्या पुस्तकाचे काय, हे कोणी विचारले नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून सक्तीची करण्याचा शासननिर्णय निघाला आणि तीव्र विरोधानंतर जूनअखेर या विषयावरील निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. आधी निर्णय आणि मग समिती, हा क्रम उलटा आहे. समिती नंतर नेमली की तिचे काम सल्ल्याचे राहत नाही. ते मलमपट्टीचे होते.

मग परीक्षण व्हावे कसे? आमच्या अल्प मतीप्रमाणे चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, ज्या प्राध्यापकाला शालेय पुस्तकावर मत द्यायचे आहे त्याने आधी काही आठवडे त्या इयत्तेच्या वर्गात, शक्यतो सरकारी शाळेत, मागच्या बाकावर बसावे. दुसरी, समितीत जितके प्राध्यापक तितकेच प्रत्यक्ष शिकवणारे शिक्षक असावेत आणि त्यांचे मत इतिवृत्तात नोंदले जावे; चहापुरते बोलावणे पुरेसे नाही. तिसरी, पुस्तक छापण्यापूर्वी निरनिराळ्या भागांतील काही शाळांत ते वर्षभर वापरून पाहावे. ‘वीस एक’चा घोटाळा अशाच चाचणीत सापडला असता आणि सुधारूनही घेता आला असता. चौथी, बदल का केला हे पालकांना सोप्या भाषेत, पुस्तक हातात पडण्याआधी सांगावे. २०१९ मध्ये बदल आधी बातमी म्हणून पोहोचला आणि खुलासा म्हणून नंतर. पालकांच्या हसण्याला थोडे तरी निमित्त त्या उशिराने दिले.

उरलेली जबाबदारी आपली आहे. आपल्या धर्मग्रामांत महाविद्यालयात शिकवणारे अनेक जण आहेत, प्राथमिक शिक्षिका त्याहून अधिक आहेत. रविवारी ते एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकतात. सोमवारी मात्र त्यांच्या वाटा फुटतात त्या पुढच्या रविवारपर्यंत. प्राध्यापक म्हणतात, ‘मुले पाया कच्चा घेऊन येतात.’ शिक्षिका म्हणतात, ‘त्यांना वर्गातले काय कळणार?’ दोघेही आपल्या जागी दुखावलेले. महिन्यातून एका सायंकाळी एखादे पाठ्यपुस्तक मध्ये ठेवून ते एकत्र बसले, अडलेले ठिकाण शोधले आणि लेखी कळवले, तर त्यासाठी कोणत्या शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. ज्यांची मुले इंग्रजी शाळांत जातात त्यांनीही यावे. सरकारी मराठी शाळेतील मूल ‘दुसऱ्यांचे’ आहे असे मानणे आपल्याला शोभत नाही.

विद्वान माणसाला शाळेत जाणे म्हणजे खाली उतरणे वाटते. आपली भाषा मात्र ‘शाळेची पायरी चढला’ असे म्हणते, आणि तिचेच खरे आहे.

त्या मुलाची आम्ही पुढच्या रविवारी माफी मागितली. त्याला ‘एकोन’ शब्दाचा अर्थ सांगितला. तो क्षणभर विचार करून म्हणाला, ‘मग फादर, एकोणनव्वद म्हणजे नव्वदच्या आधीचा?’ होय, म्हटले. ‘आणि नव्याण्णव का मग एकोणशंभर नाही?’ आम्ही पुन्हा निरुत्तर. हा प्रश्न एखाद्या भाषेच्या प्राध्यापकाने घ्यावा आणि त्याच्या शेजारी बसून त्याचे उत्तर शोधावे, अशी आमची इच्छा आहे. तोवर आमच्या चर्चमध्ये एवढाच बदल झाला आहे : गीताचा क्रमांक सांगताना आम्ही ‘एकोणसाठ’ म्हणतो, आणि लगेच ‘पाच, नऊ’ असेही म्हणतो. थोरांचे त्यात काही जात नाही. लहानांना मात्र गाणे वेळेवर सापडते.